गाडी रखडली, हजेरी बुडाली

सकाळची वेळ. लोणावळ्याहून पुण्याकडे येणारी लोकल देहूरोड सोडून थोडी पुढे आली आणि रुळावरच बंद पडली. आम्ही त्या गाडीत होतो. अर्धा तास गेला. गाडी का थांबली, कधी सुटणार, कुणी सांगेना. शेवटी बायाबापड्या डबे-पिशव्या सावरत खडीवर उड्या टाकू लागल्या आणि हमरस्त्याकडे चालू लागल्या.

कोण होते हे लोक? धुणीभांडी करणाऱ्या बाया, कंत्राटावर झाडू मारणारे, बांधकामावरचे बिगारी, कॉलेजची पोरे. साहेबाला उशीर झाला तर एका फोनवर भागते. कंत्राटी कामगाराला गेटवरूनच परत पाठवतात, अख्खी हजेरी बुडते. बिघाड यंत्राचा, दंड मात्र मजुराला! हा कुठला न्याय?

यंत्र आहे, कधीतरी बिघडणारच. पण पुणे-लोणावळा मार्गावर रूळ दोनच. एक जायचा, एक यायचा. त्यावरच लोकल, त्यावरच मुंबईच्या एक्स्प्रेस, त्यावरच मालगाड्या. एक गाडी अडली की मागची सारी रांग सिग्नलला उभी. तिसऱ्या-चौथ्या मार्गाची मागणी मात्र वर्षानुवर्षे कागदावर राहिली.

खिडकीतून आम्हाला रुळालगत राबणारी गँगमनची टोळी दिसत होती आणि मनमाड आठवले. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तिथे जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, वरची दारे त्याला बंद असतात, हे त्यांनी तिथे उघड मांडले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हेही त्यांनी तिथेच सांगितले.

पुढे संविधानाने दारे उघडली. आमची माणसे स्टेशन मास्तर झाली, इंजिनियर झाली. पण आता स्टेशनची सफाई कंत्राटात गेली. तिथे आरक्षण नाही, नोकरीची हमी नाही. पुढच्या दाराने आत आलेल्यांना मागच्या दाराने बाहेर काढण्याचा हा डाव नव्हे काय?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. गाडी बंद पडली की डब्यात खरी माहिती द्या. उशिराचा शिक्क्यानिशी दाखला स्टेशनावर द्या आणि तो कंत्राटदाराने मानलाच पाहिजे असा नियम करा. तिसरा-चौथा मार्ग पूर्ण करा. कायम स्वरूपाच्या कामाला कायम नोकरी द्या.

गाडी अडली ते देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथेच बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी त्या दिवशी आम्ही याच लोकलने हजारोंनी धम्मभूमीवर उतरतो. वंदनेसाठी एकत्र येणारे आम्ही बुडालेल्या हजेरीसाठी एकत्र कधी येणार? खडीवर एकेकट्याने उड्या टाकून हा प्रश्न सुटणार नाही. संघटना बांधावी लागेल.

जयभीम!