शटरचं आयुष्य कडांवर ठरतं: स्वयंपाकघरातल्या दारांविषयीचे गैरसमज

नवं किचन करून घेताना बहुतेक घरांत चर्चा सुरू होते ती रंगापासून आणि संपते ती लाकडाच्या नावावर. प्लाय की एमडीएफ, साग की लॅमिनेट, साधं शटर की चौकटीचं, असे प्रश्न विचारले जातात आणि प्रत्येकाचं उत्तर सुटंसुटं शोधलं जातं. पण दार बिघडतं कुठून, हे पाहिलं की हे सगळे प्रश्न एका जागी येतात. शटरच्या दर्शनी बाजूला सहसा मिलिमीटरभर जाडीचं लॅमिनेट, ॲक्रिलिक किंवा रंगाचे थर असतात, आणि त्यांतून पाणी सहजासहजी आत जात नाही. ते शिरतं कडांतून, बिजागरीसाठी पाडलेल्या खाचेतून आणि हँडलच्या छिद्रांतून, कारण आतला गाभा तिथेच उघडा पडतो. म्हणून डिझाइन निवडणं म्हणजे आपल्या दाराला किती कडा, किती जोड आणि किती खाचा असतील हे ठरवणं होय. पुढचे चारही गैरसमज या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे टिकून आहेत.

गैरसमज : अस्सल लाकडाचं दार सर्वांत टिकाऊ

साग टिकाऊ आहे, यात वाद नाही. पण टिकणं आणि मापात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर आडव्या दिशेने फुगतं व आकसतं. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा कोरडीठाक असते आणि जुलैत दमट. कोकणात आणि मुंबईत तर पावसाळाभर ओलावा हटत नाही. अशा फरकात चाळीसेक सेंटिमीटर रुंदीची सागाची सलग फळी तीनेक मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. शेजारच्या दोन शटरमध्ये फटही साधारण तेवढीच ठेवतात, म्हणून पावसाळ्यात दारं एकमेकांना घासतात. जुन्या सुतारांनी यावर उपाय शोधला होता: भोवती चौकट आणि तिच्या खाचेत गोंद न लावता सैल बसवलेली मधली फळी. फळी आतल्या आत हलते, चौकट जागेवर राहते. आज ‘शेकर’ नावाने विकली जाणारी रचना हीच आहे. साध्या, अलंकार नसलेल्या वस्तू घडवणाऱ्या अमेरिकेतल्या शेकर पंथामुळे तिला ते नाव मिळालं. तेव्हा अस्सल लाकूड हवंच असेल तर चौकटीचं दार घ्यावं. सलग सपाट दार लाकडाचं करू नये.

गैरसमज : वॉटरप्रूफ प्लाय घेतला की चिंता मिटली

आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक आहे. त्यात प्लायचे नमुने ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. ही परीक्षा मुख्यतः थरांना धरून ठेवणाऱ्या गोंदाची आहे. थर सुटणार नाहीत, एवढी खात्री तिच्यातून मिळते. वर चिकटवलेलं लॅमिनेट सुटणार नाही, कड फुगणार नाही किंवा दार वाकणार नाही, याची हमी तिच्यात नाही. महागड्या प्लायवर साध्या पांढऱ्या गोंदाने लॅमिनेट चिकटवलं आणि खालची कड उघडी ठेवली, तर सिंकखालचं दार काही पावसाळ्यांतच बोलू लागतं. दार वाकण्याचं कारणही बहुतेकदा प्लायमध्ये नसतं: बाहेर जाड लॅमिनेट आणि आतून नुसता रंग असेल तर दोन्ही बाजू ओलावा सारखा घेत नाहीत आणि शटर कमानीसारखं फिरतं. आतूनही लॅमिनेट लावणं हा त्यावरचा स्वस्त आणि खात्रीचा इलाज आहे. यावर कुणी म्हणेल की पूर्वीच्या सुतारकामातली दारं एवढा विचार न करताही तीस वर्षं टिकली. ती टिकली, पण विचाराशिवाय नव्हे. सुतार चारही कडांना सागाची पट्टी ठोकून पॉलिश करत असे, म्हणजे कड झाकण्याचंच काम करत असे. आज ते काम पीव्हीसीची एज बँडिंग करते, आणि तिचा गोंद कोणता हे प्लायच्या ब्रँडइतकंच महत्त्वाचं आहे. नेहमीचा गरम करून लावायचा गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो. पीयूआर गोंद एकदा पक्का झाला की वाफ आणि ओल चांगली सोसतो.

गैरसमज : एमडीएफ आपल्या स्वयंपाकघरात चालतच नाही

या समजात तथ्य आहे. साध्या एमडीएफच्या कडेत पाणी शिरलं की ती फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. तरीही कोरीव खाचांचं, पीयू रंगाचं दार बहुतेक वेळा एमडीएफचंच असतं, आणि त्याला सबळ कारण आहे. एमडीएफचा पोत आरपार एकसारखा असतो, म्हणून मशिनने खाच मारली तरी ती गुळगुळीत राहते. प्लायमध्ये तीच खाच थर उघडे पाडते आणि रंगाखालून रेषा दिसत राहतात. म्हणजे रंगीत कोरीव दार निवडलं की एमडीएफही जवळजवळ निवडलं जातंच. अशा वेळी ओलावारोधक बोर्ड मागावा, रंग सहाही बाजूंना लावून घ्यावा आणि सिंकखाली हे दार टाळावं. मेंब्रेनच्या, म्हणजे एमडीएफवर फॉइल ओढून बसवलेल्या, शटरला समोरून जोड दिसत नाही, म्हणून अनेकांना ते सर्वांत सुरक्षित वाटतं. पण त्याची फॉइल मागच्या कडेला संपतेच. गॅस किंवा ओव्हनच्या सततच्या उष्णतेने तिथला गोंद सैल होतो आणि फॉइल आकसते.

गैरसमज : चकचकीत दार सांभाळायला कठीण, मॅट सोपं

चकचकीत पृष्ठभागावर बोटांचे ठसे दिसतात, पण ओल्या फडक्याने पुसले जातात. खरबरीत मॅट किंवा उठावदार लाकडी पोताच्या लॅमिनेटवर ठसे दिसत नाहीत. मात्र फोडणीची तेलकट वाफ त्याच्या बारीक खळग्यांत बसते, हळद त्यात धरते आणि डाग घासूनही निघत नाही. ॲक्रिलिकचं पथ्य वेगळं आहे: तारेची घासणी आणि अल्कोहोल किंवा थिनर त्याला चालत नाहीत, त्याने ओरखडे आणि बारीक भेगा पडतात. गॅसच्या आसपास गुळगुळीत आणि सपाट दार हेच रोजच्या सफाईला सोयीचं. तिथे प्रत्येक खाच म्हणजे तेल-पिठाचा थर साचण्याची एकेक जागा.

यावर रास्त आक्षेप असा की मग सगळी स्वयंपाकघरं सारखीच सपाट दिसायची का? मुळीच नाही. ओट्याखाली, सिंकजवळ आणि शेगडीच्या शेजारी पाणी, वाफ आणि तेल असतं. वरच्या कपाटांना आणि लांबच्या उंच कपाटाला त्यांचा त्रास फार कमी. तिथे चौकट, कोरीवकाम, काच, हवं ते करावं. एकाच किचनमध्ये दोन प्रकारची दारं शोभतात, रंग आणि हँडल जुळवले की पुरे. दुकानात नमुना पाहताना मात्र तो उलटा करून मागची बाजू, खालची कड आणि बिजागरीची खाच तपासावी, आणि हेच काम आपल्या दारांवर होईल, असं कोटेशनमध्ये लिहून घ्यावं.