प्रकल्प पद्धती, इंग्रजी अध्यापनातील

प्रकल्प पद्धती, इंग्रजी अध्यापनातील : विद्यार्थ्यांनी एखादे प्रत्यक्ष व सहेतुक काम स्वतः अंगावर घेऊन ते पूर्णत्वास न्यावे आणि ते करीत असताना कराव्या लागणाऱ्या वाचन, संभाषण व लेखन यांतून इंग्रजी भाषा आत्मसात करावी, अशी अध्यापनाची पद्धती. निबंध अथवा स्वाध्याय यांहून प्रकल्प दोन बाबतींत वेगळा असतो. त्यातील माहिती पाठ्यपुस्तकात तयार नसते, ती विद्यार्थ्यास मिळवावी लागते; आणि त्यातून निर्माण होणाऱ्या लेखनाला शिक्षकाखेरीज दुसरा वाचक किंवा श्रोता असतो. ह्या दोन गोष्टी नसल्यास प्रकल्प हे केवळ सुशोभित केलेले स्वाध्यायलेखन ठरते.

इतिहास : ‘प्रकल्प’ ही शैक्षणिक कल्पना मूळची वास्तुकलेच्या शिक्षणातील. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोम येथील कला अकादमीत व पुढे पॅरिसच्या वास्तुकला अकादमीत विद्यार्थ्यांकडून इमारतींचे आराखडे स्पर्धेसाठी करवून घेत. एकोणिसाव्या शतकात ही प्रथा अमेरिकेतील अभियांत्रिकी व हस्तव्यवसाय शाळांत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कृषिशिक्षणात रूढ झाली. मॅसॅचूसेट्स राज्यातील कृषिशाळांत विद्यार्थी शाळेत शिकलेले तंत्र घरच्या शेतावर वापरून त्याचा हिशेब ठेवीत. जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांच्या तत्त्वज्ञानाचा आधार घेऊन विल्यम हर्ड किलपॅट्रिक (१८७१–१९६५) यांनी १९१८ मध्ये लिहिलेल्या निबंधामुळे ही पद्धती सर्व विषयांस लागू झाली. मनापासून स्वीकारलेला हेतू हे त्यांनी प्रकल्पाचे मर्म मानले आणि हेतुनिश्चिती, नियोजन, कार्यवाही व मूल्यमापन अशा चार पायऱ्या सांगितल्या. विद्यार्थ्याच्या इच्छेवर सर्व भार टाकणाऱ्या, शिक्षकाच्या मार्गदर्शनाविना चालणाऱ्या कार्याविषयी स्वतः ड्यूई मात्र साशंक होते.

भारतात कृतिद्वारा शिक्षणाचा विचार मुख्यतः ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषदेनंतर बुनियादी शिक्षणाच्या रूपाने पुढे आला. झाकिर हुसेन समितीने मांडलेल्या सात वर्षांच्या अभ्यासक्रमात हस्तोद्योग व मातृभाषा यांना मध्यवर्ती स्थान होते. इंग्रजीला त्यात जागा नव्हती. परिणामी कृती व परिसर हे मातृभाषेच्या बाजूला राहिले आणि इंग्रजीचा तास व्याकरण व भाषांतर यांच्याच आधारे चालू राहिला. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजीची वाक्यरचना शिकविली. ह्या परंपरेने शब्दसंग्रह व व्याकरण यांचा पाया घातला. तथापि इंग्रजीतून स्वतःचे काही सांगण्याचा प्रसंग तीत क्वचितच येई.

भाषा ही आशयाकडे लक्ष असताना अधिक चांगली शिकली जाते, ह्या तत्त्वाचा मोठा प्रयोग दक्षिण भारतात एन्. एस्. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ ह्या काळात केला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. त्यात नकाशे, वेळापत्रके, हिशेब यांवरील समस्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतून सोडवावयास देत. येथे ‘प्रकल्प’ हे नाव संशोधनाचे आहे, विद्यार्थ्यांच्या कामाचे नव्हे; तरीही साध्या सरकारी शाळांतील मुले अशा कार्यात गुंतून इंग्रजी वापरू शकतात, ही त्याची शिकवण प्रकल्प पद्धतीस पोषक ठरली.

महाराष्ट्रात २००० पासून सर्व शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम (२००९) अंमलात आल्यावर राज्य शासनाने ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती लागू केली. तीत आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम इत्यादींबरोबर प्रकल्पाचाही समावेश करण्यात आला आणि सातवी व आठवीसाठी आकारिक मूल्यमापनास ४० व संकलित मूल्यमापनास ६० टक्के भार ठरविण्यात आला. अशा रीतीने प्रकल्प गुणांशी जोडला गेला. त्यामुळे तो सर्वत्र पोहोचला. परंतु तो केवळ गुणांसाठी केला जाण्याचा धोकाही त्याबरोबरच आला.

परिसर व विषयांची निवड : ग्रामीण मराठी माध्यमाच्या शाळेत प्रकल्पाची गरज विशेष तीव्र असते, कारण तेथे इंग्रजीचा तास संपला की इंग्रजीचा वापरही बहुधा संपतो. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर ह्या लगतच्या तालुक्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असून नीरा डावा कालवा व उजनी जलाशय यांमुळे त्याच्या बऱ्याच भागात बागायत झाली आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने, वालचंदनगरची औद्योगिक वसाहत, १९७१ मध्ये स्थापन झालेला बारामतीचा कृषी विकास प्रतिष्ठान हा न्यास आणि माळेगाव येथील अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संशोधन संस्था अशी विविध कार्यक्षेत्रे शाळांच्या जवळ आहेत. कवी मोरोपंत (१७२९–९४) यांचे वास्तव्य बारामतीस होते. भीमा व नीरा यांच्या संगमावरील नीरा नरसिंहपूर हे इंदापूर तालुक्यातील प्रसिद्ध तीर्थक्षेत्र होय. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी व इंदापूर ह्या मार्गाने पंढरपूरला जाते. काटेवाडीस मेंढ्यांचे व बेलवाडीस अश्वांचे रिंगण होते. हिवाळ्यात भिगवण व कुंभारगाव परिसरात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात.

विषय निवडताना त्यातून कोणती भाषा निघते, हे शिक्षकाने आधी पाहावे लागते. साखर कारखान्यावरील प्रकल्पात उसाचे वजन, गव्हाणीत मोळ्या टाकणे, गाळप, रसाचे शुद्धीकरण, बाष्पीभवन व स्फटिकीकरण हा क्रम सांगावा लागतो. कर्ता गौण व क्रिया प्रधान असल्याने इंग्रजीतील कर्मणी प्रयोग तेथे ओघानेच येतो आणि तो का वापरावयाचा, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. पक्षिनिरीक्षणाच्या नोंदींत संख्या, रंग, स्थळदर्शक शब्द व तुलना यांचा सराव होतो. पालखीच्या मार्गाचे वाटाड्यापत्रक परगावच्या पाहुण्यासाठी करावयाचे झाल्यास अंतर, वेळ, दिशा व सूचना यांची वाक्ये लागतात.

मुलाखतीवर आधारलेल्या प्रकल्पाचे भाषिक मूल्य सर्वांत अधिक आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले व त्याच्या जलाशयाने इंदापूर तालुक्यातील नदीकाठची गावठाणे बुडाली; पाणी ओसरल्यावर पळसदेव येथील जुने मंदिर उघडे पडते. स्थलांतर पाहिलेल्या वृद्धांच्या मुलाखती विद्यार्थी मराठीतच घेतात आणि तसेच करणे इष्ट असते. खरे इंग्रजीचे काम त्यानंतर सुरू होते. ‘आजोबा म्हणाले, की आम्ही रात्रीतून गाव सोडले’ ह्या मराठी वाक्यात बोलणाऱ्याचा ‘आम्ही’ तसाच राहतो. इंग्रजीत अप्रत्यक्ष कथन करताना ‘आम्ही’चे ‘ते’ होते आणि साध्या भूतकाळाच्या जागी पूर्ण भूतकाळ येतो. व्याकरणाच्या पुस्तकात रुक्ष वाटणारा हा नियम येथे एका माणसाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचविण्याचे साधन बनतो. त्याचप्रमाणे प्रश्नावली तयार करताना ‘व्हेन यू केम?’ ह्या मराठी वळणाच्या रचनेऐवजी साहाय्यक क्रियापदासह ‘व्हेन डिड यू कम?’ अशी रचना पुनःपुन्हा करावी लागते. मराठीत उपपदे नसल्यामुळे होणाऱ्या चुकाही अशा लेखनात ठळकपणे दिसतात व त्यांची दुरुस्ती प्रयोजनासह करता येते.

इंग्रजीत प्रतिशब्द नसलेले शब्द हेही अध्यापनाचे उत्तम साहित्य होय. ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे. ऊसतोडीच्या व्यवहारात तो पति-पत्नीच्या जोडीचा वाचक आहे. ‘उचल’ म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ‘काकवी’, ‘रिंगण’, ‘गावठाण’ ह्यांचेही तसेच. असा शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ एका-दोन इंग्रजी वाक्यांत सांगणे, ही व्याख्यालेखनाची कठीण पण फलदायी कृती आहे. तीत विद्यार्थी शिक्षकाहून अधिक जाणकार असू शकतो. त्यामुळे इंग्रजीविषयीची भीड कमी होण्यास मदत होते.

कार्यपद्धती : साधारणपणे पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट व तीन ते चार आठवड्यांची मुदत सोयीची ठरते. पहिल्या आठवड्यात विषय, वाचक व अंतिम स्वरूप (उदा., भित्तिपत्रक, पुस्तिका, फलक, तोंडी निवेदन) निश्चित करून इंग्रजीत प्रश्नावली केली जाते, मुलाखतीपूर्वी तीच मराठीत उतरविली जाते. दुसऱ्या आठवड्यात क्षेत्रभेट किंवा मुलाखत होते व नोंदी घेतल्या जातात. तिसऱ्यात नोंदींवरून इंग्रजी मसुदा तयार होतो. गटांनी एकमेकांचे मसुदे वाचून न कळलेल्या जागांवर खुणा कराव्यात, शिक्षकाने सर्व चुका न दाखविता वारंवार येणाऱ्या दोन-तीन चुका वर्गापुढे घ्याव्यात व मसुदा पुन्हा लिहून घ्यावा. चौथ्या आठवड्यात सादरीकरण व श्रोत्यांचे प्रश्न होतात. गटात चर्चा मराठीतून चालणे स्वाभाविक आहे. मात्र प्रश्नावली, मसुदा व सादरीकरण ही तीन ठिकाणे इंग्रजीची, हे आरंभीच ठरवून घ्यावे लागते. तसे न केल्यास माहिती मराठीत गोळा होते, चित्रे काढली जातात आणि इंग्रजी केवळ शीर्षकापुरते उरते.

मूल्यमापन : प्रकल्पाचा अंतिम तक्ता किती देखणा आहे, यावरून त्याचे मूल्य ठरविणे योग्य नव्हे. पहिला व दुसरा मसुदा एकत्र जपून ठेवल्यास विद्यार्थ्याची प्रगती दिसते. प्रत्येक विद्यार्थ्यास त्याच्या गटाच्या कामावर दोन-तीन तोंडी प्रश्न विचारल्याने वैयक्तिक सहभाग कळतो; गटातील एकानेच सर्व काम केले असल्यास तेही लक्षात येते. भाषेची शुद्धता, आशयाची अस्सलता व वाचकास झालेला बोध ह्या तिन्हींचा विचार स्वतंत्रपणे करावा, असे सामान्यतः सुचविले जाते.

मर्यादा : मोठी पटसंख्या, परीक्षेचे दडपण व वेळेचा अभाव ह्या प्रकल्प पद्धतीच्या नेहमीच्या अडचणी होत. तयार प्रकल्प विकत आणणे, पालकांकडून करवून घेणे किंवा महाजालावरील मजकूर उतरवून काढणे हे प्रकार सर्वत्र आढळतात. विषय जागतिक व सर्वसाधारण असेल (उदा., प्रदूषण, सण), तर अशी नक्कल सुलभ होते, विषय गावातील एका विहिरीचा, एका कारागिराचा किंवा एका आजीच्या आठवणींचा असेल, तर तो कोठेही तयार मिळत नाही. स्थानिक विषयाचा आग्रह हा नकलेवरील सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.

दुसरी मर्यादा आर्थिक व सामाजिक आहे. रंगीत छपाई, पुठ्ठे व प्रवास यांवर खर्च करावा लागणारा प्रकल्प गरीब विद्यार्थ्यास मागे टाकतो. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाडा व अहिल्यानगर जिल्हा येथून आलेल्या मजुरांची मुले काही महिनेच ह्या भागात असतात आणि त्यांचे शिक्षण वारंवार खंडित होते. त्यांच्यासाठी वहीचा कागद पुरेल व दोन आठवड्यांत संपेल, असे लहान प्रकल्प आखणे आवश्यक असते. ज्या मुलास पाठ्यपुस्तकातील इंग्रजी उतारा परका वाटतो, त्याच मुलास तोडणीचा दिवस, बैलगाडीचा प्रवास व दोन गावांमधील अंतर यांविषयी सांगण्याजोगे पुष्कळ असते. त्याचे म्हणणे चार शुद्ध इंग्रजी वाक्यांत मांडण्यास त्याला साहाय्य करणे आणि ती वाक्ये वर्गाने ऐकणे, हे ह्या पद्धतीचे सर्वांत साधे रूप असून तिचे प्रयोजनही त्यात पूर्णतः साधले जाते.