सव्वा किलोचा सौदा

रत्नागिरीला मांडवी एक्स्प्रेस गाठायची म्हणजे एका हातात डबा, दुसऱ्या हातात पत्रिकांच्या नमुन्यांची पिशवी आणि खांद्यावर लॅपटॉप. माझा जुना लॅपटॉप अडीच किलोचा, चार्जर धरून तीन किलोच्या घरात. मी लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका उर्दू-मराठीत जुळवून देते. महिन्यातून दोनदा मुंबईच्या छापखान्यात जावंच लागतं. परत आले की अम्मी खांद्याला तेल चोळता चोळता विचारायची, "अगं, आत विटा भरतेस की काय?"

खरं सांगायचं तर नुसत्या खांद्यासाठी मी एवढा खर्च केला नसता. आपण बायका खांदादुखीला गोळीवर भागवतो. पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला, आणि माझा प्रोसेसर इतका जुना की त्यावर विंडोज 11 अधिकृतपणे चढतच नाही. गिऱ्हाइकांच्या फाइली आणि बँकेचे व्यवहार एकाच मशीनवर, त्यामुळे बदल टाळता येईना.

भाईजान दुबईत असतात. त्यांनी लगेच मॅकबुक एअर आणायची तयारी दाखवली. सव्वा किलोच्या आसपास वजन, पंखा नाही, आवाज नाही. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्यूटीशिवाय आणता येतो, त्यामुळे आखातातून आणणं अनेक घरांना सोयीचं वाटतं. मात्र आधी तीन गोष्टी विचारून घ्या: वॉरंटी भारतात चालेल का, कीबोर्डवर अरबी अक्षरंही छापलेली आहेत का, आणि पिन कोणती. तिकडची जाड चौकोनी पिन आपल्या भिंतीत बसत नाही.

मी मात्र वेगळ्याच ठिकाणी अडले. माझी रोजीरोटी इनपेजवर. ते विंडोजवरचं सॉफ्टवेअर, आणि माझ्याकडची जुनी आवृत्ती डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही. ते डोंगल रुंद यूएसबीत बसतं. मॅकबुक एअरला फक्त छोटे टाइप-सी पोर्ट. जोडणी विकत मिळते, पण विंडोज कुठून आणू? भाईजानना फोनवर हे समजावताना त्यांचा थोडा हिरमोड झाला. माझाही झाला.

मग दुकानात विंडोजचेच, पण स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे हलके लॅपटॉप पाहिले. बॅटरी झकास टिकते म्हणतात. तिथेही गोम आहे. हे एआरएम जातीचे प्रोसेसर. साधी जुनी सॉफ्टवेअर त्यांच्यावर बरीचशी चालून जातात. पण डोंगल, जुना प्रिंटर, स्कॅनर यांना जो ड्रायव्हर लागतो तो खास एआरएमसाठी बनवलेला असावा लागतो. माझ्या डोंगलचा तसा नव्हता. घरात कुणी अकाउंटंट किंवा कर-सल्लागार असेल, तर त्यांनीही डिजिटल सहीचं टोकन आधी लावून बघावं आणि मगच पैसे मोजावेत.

राहिला इंटेलचा हलका लॅपटॉप. आवडला तो खिशाबाहेरचा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नो कॉस्ट ईएमआय करा, व्याज शून्य." आमच्या घरी व्याजाचा हप्ता घेत नाहीत, म्हणून मुलांच्या अब्बांनी कागद मागवून वाचला. त्यात बँक व्याज लावतच होती. दुकान तेवढी सूट आधी देत होतं आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. कागद परत दिला आणि निघालो.

शेवटी लॅमिंग्टन रोडवर वापरलेला, कंपनीतून निघालेला चौदा इंची लॅपटॉप रोखीनं घेतला. वजन सव्वा किलो. अशी खरेदी करायची तर प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा बघा, नाहीतर विंडोज 11 चं तेच रडगाणं. दुसरं, रॅम. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डावरच डकवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. मी 8 जीबी सोडून 16 घेतली, त्यासाठी चार हजार जास्त गेले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तिसरं, बॅटरी. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढायची सोय असते. दुकानदाराला तो समोर काढायला लावा. माझ्या मशीनची मूळ क्षमता 57 वॉट-तास होती, उरली होती 41. "एकदम नवीन बॅटरी" म्हणणारा माणूस तो आकडा पाहून गप्प झाला, आणि दीड हजार कमी झाले.

आता एकच 65 वॉटचा टाइप-सी चार्जर मोबाईललाही चालतो. मांडवीत पनवेलपर्यंत एक प्रश्नपत्रिका सहज जुळवून होते, मात्र बॅटरी साडेतीन तासांच्या पुढे जात नाही. डब्यातला प्लग मोकळा असेल तर नशीब. स्क्रीन लहान, नस्तालीकचे नुक्ते तपासायला डोळे ताणावे लागतात. शेवटचं प्रूफ मी घरी मोठ्या पडद्यावरच बघते.

जुना अडीच किलोचा अजून कोपऱ्यातल्या टेबलावर आहे, इंटरनेट काढून, प्रिंटरला जोडलेला. अम्मीनं त्यावर क्रोशाचं झाकण घातलंय.