वजन कमी करण्याचे ऑपरेशन : करावे की नाही, आणि केले तर पुढे काय?

गेल्या पौर्णिमेला विहारात साखर आणि रक्तदाब तपासणीचे शिबिर होते. सगळे पांगल्यावर एक ताई मागे थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, पोट लहान करायचं ऑपरेशन असतं म्हणे. मी करू का?" त्यांचे वजन ९० किलो होते. दोन-दोन गोळ्या घेऊनही साखर आटोक्यात नव्हती आणि गुडघ्यांमुळे जिना चढणे होत नव्हते. चारचौघांत विचारले असते तर लोक हसले असते, अशी त्यांना भीती वाटली. आजकाल प्रत्येक शिबिरात असे कोणीतरी मागे थांबतेच. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय घेत आहोत.

आधी एक गोष्ट मनात पक्की करू या. लठ्ठपणा हा आजार आहे. त्यात आनुवंशिकता असते, रात्रपाळी आणि अपुरी झोप असते, ताण असतो, काही औषधे असतात, आणि कामाच्या जागी स्वस्तात मिळणारा वडापाव, चहा-बिस्किटही असते. वजन एकदा वाढले की शरीर ते धरून ठेवते. खाणे कमी केले की भूक वाढवणारे संप्रेरक जास्त तयार होते. त्यामुळे कित्येकांचे दहा किलो उतरतात आणि बारा किलो परत येतात. हा श्रीमंतांचा आजार आहे हा समजही आता सोडायला हवा. आमच्या शिबिरात येणाऱ्या घरकामगार आणि सफाई कामगार भगिनींमध्ये आम्ही तो रोज पाहतो.

ऑपरेशन कोणासाठी?

डॉक्टर प्रथम बीएमआय काढतात. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरने दोनदा भागायचे. वरच्या ताईंची उंची दीड मीटर. ९० ला दीडने भागले तर ६०, आणि ६० ला पुन्हा दीडने भागले तर ४०. हा त्यांचा बीएमआय.

आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार लवकर होतो. त्यामुळे २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा ठरवल्या. बीएमआय २५ च्या वर गेला की लठ्ठपणा. ३२.५ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असा आजार असेल, किंवा आजार नसतानाही ३७.५ च्या वर असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा, असे त्यांनी म्हटले. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी या मर्यादा आणखी खाली आणल्या. पण आकडा म्हणजे आदेश नव्हे. आहार, चालणे आणि औषधे यांचा प्रामाणिक प्रयत्न आधी झालेला असावा. आता वजन कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनेही भारतात मिळतात. ती महाग आहेत आणि बंद केल्यावर वजन बहुधा परत वाढते, पण तोही एक पर्याय आहे. डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला.

मुलीला स्थळे येत नाहीत म्हणून ऑपरेशन करून टाकू, असे म्हणणारे पालक आम्हाला भेटले आहेत. त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो, हे ऑपरेशन आजारासाठी आहे, लग्नासाठी नाही. सज्ञान स्त्रीची संमती तिची स्वतःची असते. नवऱ्याने किंवा सासऱ्याने सही केली म्हणून ती दिली असे होत नाही, आणि त्यांनी नकार दिला म्हणून तिचा हक्क जात नाही.

पोटात काय करतात?

दोन प्रकार जास्त केले जातात. पहिला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. दुसरा गॅस्ट्रिक बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे खाणे कमी जाते, आणि काही जीवनसत्त्वे व खनिजे अंगी कमी लागतात. दोन्ही ऑपरेशने दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतून होतात. दोन्हींत भुकेची संप्रेरके बदलतात, म्हणून नुसत्या डाएटपेक्षा परिणाम जास्त टिकतो. ज्यांना आधीच छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे, त्यांचा हा त्रास स्लीव्हने वाढू शकतो. हे डॉक्टरांना आधीच सांगा.

पहिल्या दीड-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण चौथा हिस्सा किंवा थोडे अधिक वजन कमी होते. ९० किलोचे ६५ झाले तर ते उत्तम यश समजावे. ५० ची अपेक्षा ठेवू नये. मधुमेह पुष्कळांचा आटोक्यात येतो, काहींच्या गोळ्या सुटतात, काहींना काही वर्षांनी त्या पुन्हा लागतात. मधुमेहाने बाबासाहेबांच्या शरीराला किती छळले हे आपण सर्व जाणतो, तेव्हा हा लाभ लहान नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन केलेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर दीर्घकाळ लक्ष ठेवले गेले. ऑपरेशन न केलेल्या तशाच रुग्णांपेक्षा त्यांच्यात मृत्यू कमी झाले.

धोकेही सांगितले पाहिजेत. टाक्यांच्या जागेतून गळती, रक्तस्राव, पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हे सुरुवातीचे धोके. पुढे पित्ताशयात खडे होऊ शकतात. केस काही महिने गळतात, मग बहुधा परत येतात. कातडी सैल पडते. अनुभवी ठिकाणी जिवाचा धोका फार कमी असतो, पण शून्य नसतो.

पैशाचा हिशेब

खासगी रुग्णालयात खर्च काही लाखांत जातो. त्यासाठी सावकाराकडे जाऊ नका किंवा दागिने मोडू नका. आधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शस्त्रक्रिया विभागात चौकशी करा. रुग्णालयात जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात. आपले ऑपरेशन योजनेत बसते का, हे त्यांना विचारा आणि उत्तर लेखी मागा. आरोग्य विमा असेल तर विमा नियामकाच्या नियमानुसार वय किमान १८ आणि बीएमआय ४० किंवा अधिक असावा लागतो. ३५ किंवा अधिक असेल तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असावा लागतो. आधीचे साधे उपाय फसल्याची नोंदही लागते. म्हणून जुने कागद फेकू नका. पूर्वमंजुरी हातात आल्याशिवाय भरती होऊ नका.

हिशेब ऑपरेशनच्या बिलावर संपत नाही. रोजंदारी बुडेल ते दिवस धरा, जन्मभराच्या गोळ्या धरा, दरवर्षीच्या रक्ततपासण्या धरा. हे पैसे दर महिन्याला बाजूला पडत असतील तरच पुढे जा.

ऑपरेशनपूर्वी

रक्त, थायरॉइड, हृदय, फुप्फुस, एंडोस्कोपी, झोपेची तपासणी असे बरेच काही होते. मानसोपचारतज्ज्ञांशीही बोलणे होते. त्यात वेड तपासत नाहीत. तुम्ही दुःखात खाता का, घरात आधार आहे का, हे समजून घेतात. तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी किमान दीड महिना आधी बंद, आणि नंतरही बंदच. नाहीतर जोडलेल्या जागी अल्सर होतो. शेवटचे दोन आठवडे यकृताची चरबी कमी करण्यासाठी कडक आहार देतात.

विदर्भातील बांधवांनी एक गोष्ट विसरू नये. आपल्या समाजात सिकलसेल आहे. घरात कोणालाही असेल तर, किंवा तपासणी झालीच नसेल तर, ऑपरेशनआधी सिकलसेलची तपासणी करून घ्या आणि भूलतज्ज्ञांना तोंडाने सांगा. शरीरातले पाणी किंवा प्राणवायू कमी पडला की सिकलसेलचा त्रास उसळतो, आणि या ऑपरेशननंतर पाणी कमी पडण्याचा धोका मोठा असतो.

आहारतज्ज्ञांपाशी खोटे बोलू नका. "काय खाता?" या प्रश्नावर आपल्या भगिनी "भाजी-पोळी" सांगून मोकळ्या होतात, हे आम्ही वॉर्डात अनेकदा ऐकले आहे. सुकट, बोंबील, मोठ्याचे मटण, वजडी ही नावे तोंडातून निघत नाहीत. मग हातात पनीर आणि मोड आलेल्या कडधान्यांचा कागद येतो, आणि तो घरी कोणी पाळत नाही. ऑपरेशननंतर रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. आपल्या घरच्या स्वस्त अन्नात प्रथिने भरपूर आहेत. जे खातो ते मान वर करून सांगा आणि त्यातूनच तक्ता बनवून मागा.

दवाखान्यात आणि घरी

बहुतेकांना दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालायला लावतात. दुखते म्हणून पडून राहू नका, चालण्याने गुठळीचा धोका कमी होतो. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले, नंतर मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. घास बारीक चावायचा. जेवताना पाणी प्यायचे नाही, अर्ध्या तासाने प्यायचे. दिवसभर घोट-घोट करून दीड ते दोन लिटर पाणी गेले पाहिजे. हंडा, पाटी, गोणी महिना-दीड महिना उचलायची नाही. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या लगेच कमी कराव्या लागू शकतात. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर एकदम खाली जाईल.

पोटात तीव्र दुखणे, ताप, छातीची धडधड न थांबणे, दम लागणे, पोटरी सुजणे, पुन्हा पुन्हा उलट्या यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका, त्यांनी अल्सर होतो. दारू या पोटात लवकर आणि जास्त चढते, व्यसनही लवकर लागते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांना वेगळे काय सांगावे! ज्या भगिनींना मूल हवे आहे त्यांनी एक ते दीड वर्ष थांबावे. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट लागू पडतील याची खात्री नसते, त्यामुळे दुसरे साधन विचारून घ्यावे. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्यांनी दुपारनंतर उपाशी राहण्याबद्दल आधी डॉक्टरांशी आणि भन्तेजींशी बोलावे. आजाऱ्याने पथ्य सांभाळण्यात कसलाही दोष नाही.

एका ताईंची गोष्ट

आमच्या वस्तीतील एका ताईंचे ऑपरेशन चांगले झाले. वर्षभरात ३० किलो उतरले, साखरेची गोळी सुटली. मग त्यांनी जीवनसत्त्वांच्या गोळ्याही बंद केल्या. "आता बरी आहे, कशाला खर्च?" दीड वर्षाने पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. शेजारी म्हणाले, बाहेरचे काहीतरी झाले. आम्ही गेलो तेव्हा हिमोग्लोबिन ७ होते आणि बी-१२ अगदी तळाला. इंजेक्शनांनी रक्त भरून आले, तोल सावरला. पायांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही. डिस्चार्ज कार्डावर सर्व गोळ्या लिहिलेल्या होत्या. कार्ड इंग्रजीत होते आणि ते त्यांना कोणीही वाचून दाखवले नव्हते.

लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि वर्षातून किमान एकदा रक्ततपासणी जन्मभर. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. ऑपरेशन एका दिवसाचे असते. खरी परीक्षा या पुढच्या वर्षांची असते.

म्हणून भरती होण्याआधी डॉक्टरांना हे विचारा : माझ्यासाठी हाच प्रकार का? तुम्ही अशी किती ऑपरेशने केली आहेत? रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? एकूण खर्च किती आणि त्यात काय धरलेले नाही? दरवर्षी तपासायला कोण बोलावणार? आपल्या भाषेत समजावून घेणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, आपले कागद मिळवणे हा रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. ती दिसली नाही तर मागा.

त्या पौर्णिमेच्या ताईंना आम्ही हो किंवा नको असे काहीही सांगितले नाही. वरचे प्रश्न एका कागदावर लिहून दिले. पुढच्या आठवड्यात शासकीय रुग्णालयात त्यांच्यासोबत आम्हीही जाणार आहोत. ठरवणार त्याच. तुमच्या वस्तीतही कोणी असा प्रश्न मनात ठेवून बसले असेल, तर त्यांच्यावर हसू नका. हा अंक त्यांना वाचून दाखवा, आणि तपासणीला त्यांच्यासोबत जा.

जयभीम.