चित्र धूसर टीव्हीचे, की डोळ्यांचे?

दिवाळी उलटली की नेत्रविभागाच्या ओपीडीत एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘नवा टीव्ही घेतल्यापासून डोळे चुरचुरतात.’ तपासले तर डोळे बहुधा ठीक असतात. टीव्हीही ठीकच असतो. फक्त तो दुकानातून जसा आला तसाच घरी चालू असतो.

दुकानात आठ-दहा टीव्ही शेजारी शेजारी लावलेले, वर दिव्यांचा लखलखाट. त्यात जो सर्वांत भडक, त्याकडे गिऱ्हाईक वळते. ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ हा पिक्चर मोड त्यासाठीच असतो. घरी रात्री दिवे मालवून तोच लावला, की अंधारामुळे मोठ्या झालेल्या बाहुलीवर प्रकाशाचा मारा होतो. त्यापेक्षा ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडावा. त्यातला पांढरा रंग साधारण 6500 केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाशी जुळणारा असतो. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल, घरचे कुरकुरतील. दोन-तीन दिवस दम धरा. मेंदू नव्या पांढऱ्याला सरावतो आणि मग जुनाच मोड निळसर, बोचरा वाटू लागतो.

पुढचे काम ‘बॅकलाइट’चे. पडद्यातून येणारा एकूण प्रकाश तो ठरवतो, म्हणून रात्री तो कमी करावा. बऱ्याच टीव्हींवर ‘ब्राइटनेस’ हे नाव मात्र फसवे आहे. त्याने काळ्या रंगाची खोली बदलते. काळ्या केसांच्या बटा वेगळ्या दिसाव्यात, पण काळे राखाडी होऊ नये, इतपत तो ठेवावा. ‘कॉन्ट्रास्ट’साठी कसोटी सामना लावा. खेळाडूंच्या पांढऱ्या शर्टावरच्या चुण्या दिसल्या पाहिजेत. मैदानाचे गवत पोपटी दिसत असेल तर ‘कलर’ उतरवा. ‘शार्पनेस’ जवळजवळ शून्यावर आणायला लोक कचरतात. पण त्याने तपशील वाढत नाही, कडांना फक्त पांढरी किनार येते.

तरीही डोळे चुरचुरत असतील तर कारण वेगळे आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण बरेच घटते आणि डोळा कोरडा पडतो. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर असेल तर विचारायलाच नको. जागा बदला, मुद्दाम पापण्या मिटा आणि टीव्हीच्या मागे एक मंद दिवा लावून ठेवा. पडदा आणि भिंत यांच्या उजेडातली तफावत कमी झाली की डोळ्यांवरचा ताण उतरतो.

अंतराचे म्हणाल, तर 43 इंची टीव्हीसाठी सहा फूट पुरेत, 55 इंचीसाठी सात-साडेसात. दहा फुटांवरून 43 इंची पडद्यावर फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक निकोप डोळ्यालाही कळत नाही, हे खरेदीआधी माहीत असलेले बरे! जवळून टीव्ही पाहिल्याने मुलाचे डोळे बिघडतात, असे आपण म्हणतो. पुष्कळदा असते उलटे : लांबचे दिसत नाही म्हणून मूल पुढे सरकते. त्याला रागावण्याआधी त्याची नजर तपासून घ्या.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणेही असेच नीट ऐकावे. सगळ्यांना चित्र छान दिसते आणि आजोबा मात्र रिमोट घेऊन उजेड वाढवत राहतात. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश पोहोचतो. म्हणून त्यांच्यासाठी एक उजळ मोड वेगळा जुळवून ठेवावा. पण त्यानेही धूसरपणा जात नसेल, बातम्यांची पट्टी वाचता येत नसेल, रात्री दिव्यांभोवती वलये दिसत असतील, तर एकेक डोळा तळहाताने झाकून पडदा पाहायला सांगा. दोन डोळ्यांत फरक जाणवला किंवा दोन्हींनी अंधुक दिसले, तर मेकॅनिकला बोलावू नका, त्यांना नेत्रतपासणीला आणा. मोतीबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. शस्त्रक्रियेनंतर काही आजोबा-आजी पट्टी निघाल्यावर विचारतात, ‘घरच्यांनी टीव्हीचा रंग बदलला का? सगळे निळे दिसते.’ टीव्हीला कोणी हात लावलेला नसतो; पिवळे भिंग तेवढे निघालेले असते.