तळ खरवडणारा सकर मासा

तलावात जाळे टाकावे आणि रोहू-कटल्याऐवजी काळसर, खरखरीत व दगडासारख्या कठीण अंगाचा मासा हाती यावा, असा अनुभव भारतातील अनेक ठिकाणच्या मच्छीमारांस येऊ लागला आहे. हा सकर मासा होय. शोभेसाठी काचपेटीत पाळण्याकरिता आणलेला हा परदेशी मासा नद्या-तलावांत शिरला आहे. २०२० साली तो वाराणसीजवळ गंगेतही सापडला. त्याचे मूळ घर व सवयी समजून घेतल्यास त्याचा उपद्रव कसा टाळावा, हे ध्यानात येईल.

मूळ वसतिस्थान

शिंगाळ्याप्रमाणे हा मासाही मार्जारमीनांपैकी आहे. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन, ओरिनोको व पराना या नद्यांची खोरी हे त्याच्या निरनिराळ्या जातींचे मूळ स्थान. ब्राझीलमधील मनाउस शहराजवळ नदीची पातळी दरवर्षी सुमारे १० मीटर चढते व उतरते. पुरात सखल रान पाण्याखाली जाते. पूर ओसरला की मागे डबकी उरतात. त्यांतील पाणी तापते व प्राणवायू कमी होतो. इतर मासे तेथे गुदमरतात. सकर मासा मात्र पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो व तिच्यातील प्राणवायू जठरातून शोषून घेतो.

त्याचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस असून ओठ चकतीसारखे असतात. त्यांच्या साहाय्याने तो दगडास किंवा लाकडास चिकटतो आणि शेवाळ व कुजका गाळ खरवडून खातो. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते. काठाच्या मातीत सुमारे एक ते दीड मीटर खोल बीळ करून त्यात अंडी घातली जातात व नर त्यांची राखण करतो.

तेथील पाणमांजरे, मगरीच्या जातीचे प्राणी व मोठे मासे त्याची संख्या आटोक्यात ठेवतात. मनाउसकडील लोकही हा मासा चिलखतासकट भाजून आवडीने खातात.

गुण तेच, परिणाम निराळा

आपल्या तलावात आल्यावर हेच गुण अपायकारक ठरतात. चिलखतामुळे त्याला शत्रू थोडे. शिवाय त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. बिळांमुळे मातीचे बांध व काठ ढासळतात. रोहू, मृगल इत्यादी माशांच्या अन्नात तो वाटेकरी होतो. पाणी आटले तरी तो तग धरतो.

मेक्सिकोतील इन्फिएर्नियो जलाशय एके काळी तिलापियाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध होता. २००० सालानंतर तेथे सकर माशांची बेसुमार वाढ झाली. मच्छीमारांच्या जाळ्यात विकाऊ मासळीऐवजी हेच मासे भरू लागले व अनेकांच्या उपजीविकेवर गदा आली. एकदा मोठ्या जलाशयात त्याचा जम बसल्यावर त्याचे समूळ उच्चाटन जवळजवळ अशक्य असते. म्हणून त्यास आत येऊ न देणे हाच खरा उपाय होय.

काय करावे

१. काचपेटीतील मासा नकोसा झाला, तरी तो विहिरीत, ओढ्यात किंवा तलावात सोडू नये. दयेपोटी केलेले हे कृत्य गावच्या मासळीच्या मुळावर येते.

२. मत्स्यबीज तळ्यात सोडण्यापूर्वी ताटलीत घेऊन पाहावे. खाली तोंड व खरखरीत अंग असलेले पिल्लू दिसल्यास वेगळे काढावे.

३. पाणी आत येण्याच्या वाटेवर बारीक जाळी बसवावी.

४. बीज सोडण्यापूर्वी तळे पूर्ण उपसून उन्हात वाळवावे. बांधातील बिळे उकरून तपासावीत व पक्की बुजवावीत.

५. जाळ्यात आलेला सकर मासा पुन्हा पाण्यात टाकू नये किंवा काठावर तसाच सोडून जाऊ नये. पाण्याबाहेर तो कित्येक तास जिवंत राहतो. त्यास मारून पाण्यापासून दूर खड्ड्यात पुरावे.

ग्रामसेवकांनी ही माहिती गावातील मच्छीमारांस व काचपेटी बाळगणाऱ्या घरी समजावून द्यावी. नवीन ठिकाणी हा मासा आढळल्यास जिल्ह्यातील मत्स्यव्यवसाय कार्यालयास त्वरित कळवावे. पहिली जोडी वेळीच हाती लागली, तर पुढील पिढ्यांचा त्रास वाचतो.