नाव तेच, सूर वेगळा

‘ईगल्स’ पुष्कळांना माहीत असतात, बर्नी लेडन मात्र थोड्यांनाच. १९७१ साली लॉस एंजेलिसला चौघांनी हा बँड काढला, त्यातला हा एक. गिटार वाजवायचा, गाणी रचायचा. ‘ईगल्स’च्या रॉकमध्ये बँजो ऐकू येतो तो याच्यामुळे. पुढे बँड कंट्रीकडून कडक रॉककडे सरकला आणि १९७५च्या अखेरीस हा बाहेर पडला. जागी जो वॉल्श आला. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ त्यानंतरचं, १९७६चं.

आता प्रश्न असा, की माणूस गेला, सूर बदलला, मग बँड तोच का? नाव टिकलं म्हणून वस्तू टिकली असं होत नाही. पण बघा, १९७६मध्येच निघालेला, अमेरिकेत अफाट खपलेला त्यांचा निवडक गाण्यांचा संग्रह सगळा लेडनच्या काळातला आहे. माणूस निघून जातो; केलेलं काम तिथंच राहतं.